तीन-तीन शब्दांची तार

देवमन शेलूबाजारच्या पोस्टात तारा उतरवून घ्यायचा. तिथं तारयंत्र नव्हतं. वाशीमचा माणूस फोनवरून मजकूर सांगे. जुनी रीत तीन-तीन शब्दांची: ऐकायचे, लिहायचे, परत म्हणून दाखवायचे, मग पुढचे. चौऱ्याहत्तर साली नवी रीत आली. अख्खी तार एकदम सांगायची आणि शेवटी एकदाच पडताळायची. वाशीमच्या रामकिसनला ते जमलं. पण शेलूबाजारचा फोन जुनाच, खरखरणारा. आधीचे शब्द कागदावर उतरेपर्यंत पुढचे निसटून जात. शेवटी दोघांनी आपसात ठरवलं, अर्धी-अर्धी तार.

त्या दिवसांत देवमनची बायको गंगू अकोल्याच्या दवाखान्यात होती. पोटाचं ऑपरेशन झालं होतं. तिचा भाऊ भिवाजी जवळ होता. देवमन रविवारी जाणार होता.

गुरुवारी दुपारी फोन वाजला.

"देवमनभाऊ, तार हाय. तीन-तीन शब्दांनं देतो."

"काहून? आता तर अर्धी-अर्धी देता ना."

"घ्या ना तुमी," रामकिसन म्हणाला.

पत्ता आला: देवमन, पोस्ट, शेलूबाजार. त्यानं लिहिला, म्हणून दाखवला.

"गंगू आज सकाळी."

"गंगू आज सकाळी," देवमन म्हणाला.

लाइनीत नुसती खरखर.

"वारली. लवकर निघा."

"वारली. लवकर निघा."

"भिवाजी."

"भिवाजी." देवमननं पेनाचं टोपण लावलं, परत काढलं. "दुसरी हाय का?"

"हाय एक, कापसाच्या व्यापाऱ्याची. मंग देतो ना, भाऊ."

"आताच द्या."

तीही त्यानं घेतली. एक शब्द चुकला नाही. पोस्टमास्तर शेषरावांनी दोन्ही कागद वाचले आणि उभेच राहिले.

"जा बाबू तू. मी पाह्यतो इथलं."

एसटीत खिडकीजवळ जागा मिळाली. अकोल्यात भिवाजी गळ्यात पडला. "दाजी, रडून घ्या," म्हणाला. देवमननं गंगूच्या पायावरचं लुगडं नीट केलं. सगळे त्रिशरण म्हणू लागले तेव्हा त्याचेही ओठ हलले.

महिनाभरानं त्यानं शेषरावांकडे तारा वाटायचं काम मागितलं.

"कायले रे? फोनचं काम बरं नाही का?"

"कान दुखते."

शेषरावांनी काम बदलून दिलं. मग तो सायकलवर खेडोपाडी फिरू लागला. तारवाला दिसला की बाया दारातच थबकत. देवमन तार हातात देई, प्यायला पाणी मागे आणि तार वाचून होईपर्यंत तिथंच थांबे.