टीबीचे पेढे

टीबी निघाला म्हणून पेढे वाटणारी बाई अख्ख्या खान्देशात एकच, एरंडोलची कोकिळाबाई. तिला वेडी म्हणणाऱ्यांनी आधी तिचे मांडे खावेत. पुरण भरलेली पोळी उघड्या हातांवर, थेट कोपरापर्यंत, फिरवत फिरवत ती अशी पसरायची की तापल्या खापरावर टाकली तर कडा खाली लोंबायच्या. तिच्याशिवाय गल्लीत लग्न उरकत नसे.

मग डाव्या कोपराजवळ लालसर चट्टा उठला. दुखेना, खाजेना, नुसता पसरत राहिला. गजकर्णाची सगळी मलमं हरली. शेजारच्या यशोदाबाईने, जिच्या चुलीशी ती मांडे शिकली, हळूच 'रगतपिती', म्हणजे महारोग, हा शब्द सोडला आणि बोलावणी बंद झाली. धडधाकट हात असून बाई रिकामी बसली. तेच तिला खाई.

लेक सारिकाने तिला ओढतच जळगावला नेलं. डॉक्टरीणबाईंनी चट्ट्याचा तुकडा तपासायला पाठवला आणि पुढच्या खेपेला सांगितलं, "कातडीचा टीबी आहे. क्वचित दिसतो. छाती स्वच्छ आहे, हात लावल्याने कोणाला होणार नाही. सहा महिने गोळ्या घ्या, बरा होईल."

"म्हनजे रगतपिती नही शे?"

"नाही. आणि ती असती तरी गोळ्यांनीच बरी झाली असती."

कोकिळाबाईचा आनंद पोटात मावेना. तिने स्टँडवरच पेढे घेतले आणि एसटीत कंडक्टरपासून वाटायला सुरुवात केली.

"काय आक्का, पोरनं जमनं का?"

"नही भाऊ. माले टीबी निंघना."

कंडक्टरला पेढा गिळवेना की थुंकवेना. बाकीच्यांनी भराभर खिडक्या उघडल्या. सारिकाने ओढणीत तोंड लपवलं, आणि ही बया "चामडाना शे, चामडाना" असं समजावत खो खो हसत होती.

गोळ्या संपल्या, चट्ट्याचा नुसता वण उरला. पण बातमी एसटीतूनच गावभर झाली होती. बोलावणं काही येईना.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, तिने आपल्याच दारात खापर मांडलं. मांडा वणावरून फिरत असताना यशोदाबाई येऊन उभी राहिली.

"मनी चूक झायी, पोरी," म्हातारी खाली बसत म्हणाली. "पहिला मांडा माले दे."

"पहिला पितरेसना शे, आक्का."

"पितर थांबतीन. माले थांबाले टाइम नही शे."

कोकिळाबाई हसता हसता रडायलाच लागली. खापरावरून उतरवताना मांडा फाटला, जन्मात पहिल्यांदा. यशोदाबाईने तो तसाच तिच्या हातातून घेतला आणि तिथेच खायला बसली.