बाबांनी केलेला ठोक्या

मी संशयी बाई आहे. हे आधीच सांगून टाकते, नंतर कुणी म्हणायला नको की लपवलं. भाजीवाल्याने न मागता मूठभर मिरच्या जास्त घातल्या की मी पिशवी घरी येईपर्यंत दहादा चाचपते. देवळातून आणलेला पेढासुद्धा ही उलटा करून बघते, असं माझा नवरा येणाऱ्याजाणाऱ्याला सांगतो. सांगू दे बापडा. जुनी क्रिकेटची कार्डं जमवायची तर हा स्वभाव कामाला येतो.

आमच्या लहानपणी ही कार्डं च्युइंगमबरोबर निघायची. पुढे खेळाडूचा फोटो, मागे दोन ओळी माहिती. गमचा दोन मिनिटांत चोथा व्हायचा, कार्ड राहायचं. तीच कार्डं आता पन्नाशीला टेकलेली माणसं प्लास्टिकच्या पाकिटात घालून जपतात. दादरला एका वाचनालयाच्या माडीवर, महिन्याच्या दुसऱ्या रविवारी सकाळी आम्ही जमतो. वीसेक पुरुष आणि मी एकटी बाई. सगळे मला ताई म्हणतात आणि जरा बिचकून असतात.

आमच्यात एक रीत आहे. कार्ड हातातून हातात द्यायचं नाही. आपण टेबलावर ठेवायचं, हात मागे घ्यायचा, मग समोरच्याने उचलायचं. कोपरा कुणाच्या हातात दुमडला, यावरून नंतर तोंडाला तोंड लागायला नको. मला ही रीत पहिल्या दिवसापासून पटली. माझ्यासारख्याच कुणीतरी ती काढलेली असणार.

मागच्या वर्षी गणपती गेल्यानंतरच्या रविवारी तो आला. टक्कल पडलेलं, शर्टाच्या खिशात भिंग. मी ओळखलं नाही. तो माझ्या टेबलाशी वाकला तेव्हा डाव्या भुवईवरचा आडवा व्रण दिसला आणि ओळख पटली. तो व्रण पडला तेव्हा मी चार हातांवर उभी होते.

लालबागला आमच्या चाळीत तो शेजारच्या खोलीत राहायचा. दोघांचे बाप गिरणीत, दोघांची गावं मालवणकडची, आणि दोघांना कार्डांचं वेड. आमचा खेळ असा होता: समोरच्याने आपलं कार्ड जमिनीवर ठेवायचं, आपण आपलं त्याच्या शेजारी जोरात आपटायचं, वाऱ्याने ते उलटलं की आपलं झालं. साध्या कार्डाने नीट वारा लागत नाही, म्हणून मुलगे दोन-तीन थर चिकटवून एक जाडजूड कार्ड करायचे. त्याला आम्ही ठोक्या म्हणायचो. माझ्याकडे ठोक्या नव्हता. मुलगे मला रोज लुटायचे आणि वर हसायचे.

एका संध्याकाळी मी रडत घरी आले तर बाबा म्हणाले, थांब जरा. बाबा गिरणीत सुताला खळ लावायच्या खात्यात होते. चिकटवायचं काम त्यांच्याहून चांगलं कोण करणार? त्यांनी स्टोव्हवर मैद्याची खळ शिजवली, माझ्या डब्यातून हाताला लागतील ती कार्डं घेतली, एकावर एक चिकटवली आणि वर आईचा पाटा ठेवून दिला. दुसऱ्या दिवशी शाळेतून आले तर ठोक्या तयार. दोन्ही बाजूंना एकेक फास्ट बोलर आणि मधे चांगली जाडी. मधे पुठ्ठा घातला असणार, असं मी धरून चालले. विचारलंसुद्धा नाही. त्या ठोक्याने मी दोन दिवसांत अर्धी चाळ रिकामी केली.

आणि तिसऱ्या दिवशी माझं विकेटकीपरचं कार्ड दिसेना.

ते कार्ड अख्ख्या चाळीत माझ्या एकटीकडे होतं. आदल्या दिवशी दुपारी तो आमच्याकडे माझा डबा मांडीवर घेऊन कार्डं बघत बसला होता. झालं. मी गॅलरीत उभी राहून त्याला चोर म्हणाले, एकदा नाही, चाळ गोळा होईपर्यंत म्हणाले. त्याची आई चपात्या लाटता लाटता उठून बाहेर आली. तिने त्याला काही विचारलं नाही. हातातलं लाटणंच घातलं. भुवई फुटली आणि रक्त डोळ्यात उतरलं, तरी तिने दुसरा तडाखा दिला. मग आत जाऊन त्याचा कार्डांचा भरलेला डबा आणला आणि माझ्या आईच्या हातात दिला. आमच्यात असली थेरं चालत नाहीत, एवढंच म्हणाली.

मी त्या डब्यातलं एकेक कार्ड खिडकीशी धरून बघितलं. कारण माझी एक खूण होती. प्रत्येक कार्डाच्या खालच्या डाव्या कोपऱ्यात मी सुईने बारीक भोक पाडायचे. उजेडात धरल्याशिवाय दिसायचं नाही. हे मी कुणालाच सांगितलेलं नव्हतं. त्याच्या डब्यात माझ्या भोकाचं एकही कार्ड निघालं नाही. दुसऱ्या कुणाला वाटलं असतं, अरे, आपली चूक झाली. मला वाटलं, लबाडाने दुसरीकडे दडवलंय. आणि त्याचा डबा मी ठेवून घेतला.

बाबा दुसऱ्या पाळीला गेले होते. परत आल्यावर कळलं तेव्हा ते एवढंच म्हणाले, कागदाच्या एका तुकड्यासाठी पोराला एवढं मारायचं? त्यांना क्रिकेटमधलं ओ की ठो कळत नव्हतं. कोण कीपर, कोण बोलर, त्यांच्या लेखी सगळी पांढऱ्या कपड्यांतली माणसं. तिकडे मुलांनी त्याचं नावच 'कीपर' पाडलं. खेळायला घेत नव्हते, लांबून हाका मारायचे. वर्षभरात ते कुटुंब वरळीच्या बीडीडी चाळीत राहायला गेलं.

तर तो माझ्या टेबलाशी उभा होता. ओळख दाखवली, मुलंबाळं विचारली, सगळं गोड. मी कोरडी उत्तरं दिली. मग त्याची नजर टेबलाच्या कोपऱ्यातल्या ठोक्यावर गेली. तो मी देण्याघेण्यासाठी नाही, नुसता शोभेला मांडते. बाबांना जाऊन बारा वर्षं झाली आणि त्यांच्या हातची माझ्याकडे ती एकच वस्तू आहे. त्याने रीतीप्रमाणे विचारून ठोक्या उचलला, खिशातलं भिंग काढलं आणि कडेकडेने फिरवत किती वेळ बघत राहिला. मग म्हणाला, हा मला देतेस का? बदल्यात काय हवं ते माग.

मी कान टवकारले. खळ लावून चिकटवलेलं कार्ड आमच्या जगात कचऱ्यात जमा. कुणी फुकट घेणार नाही. आणि हा मला परदेश दौऱ्याचा अख्खा संच देऊ करत होता, एकही कोपरा न मोडलेला. मी नाही म्हटलं. पुढच्या महिन्यात तो आणखी दोन दुर्मिळ कार्डं घेऊन आला. त्याच्या पुढच्या महिन्यात आणखी.

मला दुसरं काही सुचेना. वरचा बोलर छापताना काही चूक झाली आहे का, तसली कार्डं महाग जातात, म्हणून मी इंटरनेटवर शोध शोध शोधलं. गटातल्या दोघांना बाजूला घेऊन विचारलं, हा तुमच्याशी काय बोलतो? माणूस सरळ आहे ताई, असं दोघेही म्हणाले. दोघांनी एकच वाक्य म्हटलं, म्हणून मला त्या दोघांचाही संशय आला. मी ठोक्या दोन पाकिटांत घालून पर्समध्ये ठेवू लागले आणि तो आला की पर्स मांडीवर घेऊ लागले. नवरा म्हणाला, बाई, देऊन टाक आणि मोकळी हो. मी म्हटलं, एकदा घेऊन भागलं नाही वाटतं त्याचं.

यंदा होळीच्या आधीच्या रविवारी त्याने माझ्यापुढे एक कार्ड ठेवलं आणि हात मागे घेतला. विकेटकीपर. तोच, वाकून उभा, ग्लोव्ह्ज गुडघ्यांवर.

मी ते उचलून सरळ खिडकीशी गेले. डावा कोपरा उजेडात धरला. भोक नव्हतं. मी वळले आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, “भोक बुजवलंस, की चोरलेलं विकून दुसरं घेतलंस?”

माडीवरचे सगळे वळून बघू लागले. भोक कसलं, हे त्याला कळलं नाही, ते त्याच्या तोंडावर दिसत होतं. पण चोरलेलं हा शब्द कळला. त्याचा हात भुवईकडे गेला आणि खाली आला.

“तुझ्या ठोक्याच्या कडेला तीन थर आहेत,” तो म्हणाला. “मधला पुठ्ठा नाही. पुठ्ठा करडा असतो, हा पांढरा आहे. मधे कार्ड आहे. कुठलं, ते मला माहीत नाही. घरी नेऊन बघणार होतो. दुसरंच काही निघालं असतं तर गप्प बसलो असतो.”

“मग हे पहिल्याच दिवशी का नाही बोललास?”

“बोललो असतो तर ऐकलं असतंस?”

आवाज चढवला नाही त्याने. आपली पिशवी उचलली आणि जिना उतरून गेला. विकेटकीपर माझ्याच हातात राहिला.

घरी येऊन मी ठोक्या ओट्यावर ठेवला. जेवले नाही. भिजवला तर बाबांच्या हातचा ठोक्या संपला, पुन्हा जोडता येणार नव्हता. नाही भिजवला तर कुणालाच काही कळणार नव्हतं, आणि खरं सांगते, तेच बरं असं एक तासभर वाटत होतं. पुठ्ठाच असेल. बाबा कशाला माझं चांगलं कार्ड घेतील? मग आठवलं, बाबांनी डबा उघडला तोवर मी डोळे पुसून पुन्हा बाहेर खेळायला पळाले होते. हाताला लागतील ती कार्डं घेतली, हे मी नेहमी कौतुकाने सांगते. त्यात काय काय लागलं असेल, हा विचार इतक्या वर्षांत एकदाही केला नव्हता.

दुपारी तीनला पातेल्यात कोमट पाणी घेतलं आणि ठोक्या सोडला. बाबांची खळ घट्ट होती, तासाभराने कुठे कडा सुटल्या. पहिला बोलर अलगद वेगळा झाला. त्याच्याखाली पांढऱ्या ग्लोव्ह्जचं टोक दिसलं. मी डोळे मिटून घेतले. तरीसुद्धा, माझा स्वभाव बघा, मनात आलंच, की हा त्यानेच कधीतरी मधे सरकवला नसेल ना? ओलं कार्ड खालच्या बोलरपासून सोडवलं आणि दोन बोटांत धरून मी खिडकीशी गेले. खालच्या डाव्या कोपऱ्यातून उजेडाचा ठिपका आला.

मी तिथेच फरशीवर बसले. लाज वाटली, अशी की घरात कुणी नसताना तोंड लपवावंसं वाटलं. त्या पोराचा डबा माझ्या कपाटात होता. लोकांनी वाहवा केलेली माझी निम्मी कार्डं त्यातली होती.

गटाच्या यादीतून नंबर काढून फोन केला. निघालं, म्हटलं. भोकाचंही सांगितलं. तुझा डबा देते, त्यात भर घालून देते, मधून निघालेलं कार्डही तूच ठेव, असं मी भडाभडा बोलत सुटले.

“कार्ड नको,” तो म्हणाला. “डबा नको. आई आहे अजून. तिच्यासमोर येऊन बोल.”

दुसऱ्या दिवशी वरळीला गेले. त्यांच्या खोलीचं दार उघडंच होतं. काकी कॉटवर बसल्या होत्या, वाळून एवढ्याशा झालेल्या, डोळ्यांना आता फारसं दिसत नाही. त्याने त्यांच्या कानाशी वाकून मी कोण ते सांगितलं. त्यांनी माझ्या आईची चौकशी केली. मी रस्ताभर घोकलेलं सगळं विसरले.

“काकी, ते कार्ड ह्याने घेतलं नव्हतं,” मी म्हटलं. “माझ्याच घरात होतं. बाबांनी चुकून चिकटवलं होतं.” बाबांचं नाव पुढे केलं म्हणून माझीच मला चीड आली. पुन्हा म्हटलं, “बाबांचा काही दोष नाही. मी न बघता ह्याला चोर म्हटलं.”

तो कॉटच्या कडेला बसला होता. काकींनी हात लांब केला, त्याचा गाल चाचपला, मग बोट बरोबर डाव्या भुवईवर नेऊन ठेवलं.

“मगे ह्येका मी उगाच मारलंय?” त्या मला विचारत होत्या.

उत्तर त्यानेच दिलं. त्याने त्यांचा हात तसाच धरून ठेवला आणि म्हणाला, “जाऊंदे गे आये. माका दुखूक नाय तेव्हा.”

तो खोटं बोलत होता. मी तेव्हा गॅलरीत होते. नंतर घरात भिंतीपलीकडून त्याचं रडणं ऐकू येत होतं आणि मी त्याची कार्डं मोजत बसले होते.