दोन अर्थिंगचं घर

फोन आला तेव्हा मी माझ्या खोलीचं दार लावून वाचत होते. वाचताना मोबाईल जवळ ठेवत नाही, तो बाहेर फ्रिजवर असतो. तासाभराने पाणी प्यायला बाहेर आले, तर मुखेडहून सरूमामीचे सहा मिस्ड कॉल. मामी कधी दुसऱ्यांदा फोन लावत नाही. नाही उचलला तर ‘असंल कामात’ म्हणून सोडून देते. सहा आकडा पाहिला आणि मी उभ्या उभ्याच उलटा फोन लावला. गणपतमामा सकाळी अंघोळ करून, चहा पिऊन, खुर्चीत बसल्या बसल्या गेले होते... याला आता दीड महिना झाला. रडून झालंय. आता त्यांच्याबद्दल लिहायला बसलं की हसूच जास्त येतं, आणि त्याची मला लाज वाटत नाही. मामा होतेच तसे.

गणपतमामा म्हणजे माझ्या आईचे थोरले भाऊ. मुखेडला वायरमन होते. लोकांच्या घरांची वायरिंग करायचे आणि लग्नसराईत मांडववाल्यांचे भोंगे, अँप्लिफायर दुरुस्त करायचे. सुट्टीत आम्ही गेलो की पुढच्या खोलीत पाय ठेवायला जागा नसायची, सगळीकडे उघडे पडलेले स्पीकर. बिघाड ते कानाने ओळखत. ‘घों’ आला तर अर्थिंग, ‘चिर्र’ आलं तर वायर सैल, आणि ‘खरखर’ आली तर भाषण करणाऱ्याचा घसा, मशीनला हात लावायचं काम नाही! कुठल्याही पत्र्याला ते आधी हाताची मागची बाजू लावून बघत. तळहात लावला तर करंट धरून ठेवतो, उलटा हात आपोआप झटकला जातो, हे त्यांनी मला सातव्या वर्षी शिकवलं. मला ताप आला तरी कपाळाला त्यांचा उलटाच हात लागायचा, आणि तोही चटकन मागे जायचा.

लातूरला आम्ही घर बांधलं, तेव्हा मामांनी सत्तरी कधीच ओलांडली होती. तरी वायरिंग दुसऱ्या कुणाला करू देतील तर शपथ. घरामागे खड्डा घेऊन, कोळसा आणि मिठाचे थर देऊन त्यांनी अर्थिंग केली. मग पुढच्या बाजूला दुसरा खड्डा सुरू झाला. माझी शाळेतली तात्पुरती नोकरी नुकतीच सुटली होती. मोबाईलवर गोष्टी ऐकवणाऱ्या एका कंपनीसाठी घरी बसून पुस्तकं वाचायची, असं मी ठरवलं होतं. पुढची छोटी खोली त्यासाठीच होती.

“तुझ्या खोलीला येगळी अर्थिंग,” मामा म्हणाले. “तुझ्या मशिनीला समद्या घराचा तरास नको.”

खड्डा बुजवल्यावर त्यांनी हळदकुंकू वाहून नारळ फोडला. माझ्या नवऱ्याला हसू आवरेना. “मामा, खड्ड्याची पूजा?”

“जावईबापू, समद्या घराचा राग ह्यो गिळनार हाय. येक नारळ तर द्या त्याला.”

घर झालं, माईक आला, आवाज मुद्रित करायचं मशीन आलं, लॅपटॉप त्याला जोडला आणि मी पहिला नमुना पाठवला. तो परत आला. वाचन चांगलं आहे, पण मागे सतत घरघर आहे. मी खिडक्यांना गोधड्या लावल्या, पंखा बंद करून घामाघूम होत पुन्हा वाचलं. दुसराही परत आला, आणि आता एकच संधी उरल्याचं त्यांनी कळवलं. अर्थिंगला ओल लागते म्हणून मी दोन्ही खड्ड्यांत बादल्या भरभरून पाणी ओतलं. कानात ‘घों’ तसाच. मला आयुष्यात नीट येत होतं ते एवढंच, मोठ्याने वाचणं. तेही हातचं जाणार म्हणून मी रडकुंडीला आले आणि मामांना फोन केला.

दुसऱ्या दिवशी दुपारी ते एसटीने हजर. “तू कानाला लाव. मी येकेक बंद करतो.” फ्रिज, मोटार, ट्यूबलाइट... प्रत्येक बटणासरशी हॉलमधून हाक यायची, “गेला का?” आणि मी ओरडायचे, “नाही!” शेवटी ते माझ्याजवळ येऊन बसले, हेडफोन स्वतःच्या कानाला लावला, डोळे मिटले आणि गंभीरपणे मान हलवली. “आता साफ हाय.”

तो ‘घों’ मला हातभरावरूनसुद्धा ऐकू येत होता. “मामा... तुम्हाला ऐकू येत नाहीये ना?”

त्यांनी हेडफोन काढला. दाराकडे बघत म्हणाले, “चार सालं झाली. भोंग्यांनी खाल्लं माय समदं. मोठ्यानं बोललं तर येतं. पर ह्यो बारीक आवाज गेला. मामीला सांगू नको.”

मामी गेली चार वर्षं त्यांच्याशी शेजारच्या गल्लीला ऐकू जाईल इतकं ओरडून बोलत होती. तिला काय सांगायचं होतं?

“मग आता कसं करायचं?” मी विचारलं.

“कान तुझा, हात माझा.”

आणि खरोखर तसंच केलं. मी डोळे मिटून ऐकत बसले, ते एकेक वायर हलवत राहिले. अर्ध्या तासाने ‘घों’ अचानक थांबला. मी किंचाळलेच. मामांच्या हातात लॅपटॉपच्या चार्जरची पिन होती. लावली की आवाज, काढली की शांत. त्या पिनेमागे ते वायर धरून हॉलपर्यंत गेले. लाइट गेली तर काम अडू नये म्हणून चार्जर मी हॉलमधल्या इन्व्हर्टरच्या बोर्डावर लावला होता. मशीन मात्र माझ्या खोलीतल्या बोर्डावर. मामा जागीच उभे राहिले. मग मागच्या खड्ड्याकडे गेले, तिथून वळसा घालून पुढच्या खड्ड्याकडे, आणि पायरीवर बसले. खांदे हलत होते. मला वाटलं, दम लागला. जवळ जाऊन बघते तर मामा मांडीवर थाप मारून हसत होते.

“म्याच केलं की गं हे! मशीन येका अर्थिंगवर, चार्जर दुसऱ्या. दोघीचा जोर सारखा न्हाई. तुझ्या वायरीतून भांडून राहिल्यात. उभ्या जन्मात कुणाला येगळी अर्थिंग दिली न्हाई. तुला लाडानं दिली, तर बघ!”

चार्जर माझ्याच खोलीतल्या बोर्डावर लावला, काम तिथेच झालं होतं. पण मामा ऐकेनात. दुसऱ्या दिवशी भिंतीच्या कडेने चर खणून, जाड पट्टी टाकून त्यांनी दोन्ही अर्थिंग एकत्र जोडल्या. मग मला हेडफोन लावायला लावून समोर बसले. “खरं सांग. मला बरं वाटावं म्हनून सांगू नको.” ‘साफ आहे’ म्हणून मी मान हलवली. त्यांनी आधी हेडफोनकडे पाहिलं, मग माझ्या तोंडाकडे, आणि मग निवांत चहा मागितला.

तिसरा नमुना पास झाला. त्याला चार वर्षं झाली, तेव्हापासून मी वाचतेच आहे. “वाचलंस की मला धाडत जा,” मामा जाताना म्हणाले होते, म्हणून प्रत्येक पुस्तक पूर्ण झालं की त्यांच्या मोबाईलवर पाठवायचे. दोन-तीन दिवसांनी ठरलेलं उत्तर यायचं, “साफ हाय.” गोष्टीबद्दल कधी अवाक्षर नाही. मला वाटे, माझ्या समाधानासाठी म्हणत असतील. ऐकू कुठे येतंय बिचाऱ्यांना!

तेराव्याला मुखेडला गेले. जेवणं उरकली, तशी समोरच्या दुकानातला शिंपी माझ्याकडे आला. चाचरत म्हणाला, “ताई, येक इचारू का? ती पोस्टमास्तरीन बदलीच्या गावी गेली का न्हाई शेवटी?” मला काही उमजेना. मागून शेजारची काकू म्हणाली, “हाव, आमी बी थांबलाव. मामा मधीच गेले.”

तेव्हा कुठे उलगडा झाला, पोस्टमास्तरीण मी मामांना पाठवलेल्या शेवटच्या पुस्तकातली होती. मामा संध्याकाळी मोबाईल मोठ्या स्पीकरला जोडून, आवाज शेवटपर्यंत चढवून माझी पुस्तकं ऐकत होते. त्यांच्यापायी अख्खी गल्ली ऐकत होती. चार वर्षांत माझं एकही पुस्तक कुणाचं चुकलं नव्हतं! मी मामीच्या गळ्यात पडून रडले आणि हसलेही, दोन्ही एकदमच.

त्या दिवशी संध्याकाळी मामीने स्पीकर खिडकीत ठेवला. काकू उंबऱ्यावर टेकली, शिंप्याने मशीन थांबवलं. माझाच आवाज इतक्या जोरात गल्लीभर घुमला की मी दचकले. म्हटलं, “मामी, आवाज थोडा कमी करू का?”

“ऱ्हाऊ दे,” मामी म्हणाली. “त्यांला येवढाच लागतो.”