हात लावला की वाटा

ओळखबिळख असल्या भानगडीत न पडता सरळ हक्कालाच हात घालणारा माणूस अलिबागकडच्या उभ्या कुलाबा जिल्ह्यात एकच जन्माला आला, आणि तो नेमका मुंबईच्या वसतिगृहात माझा रूम पार्टनर झाला. मी नागावच्या नारळीच्या वाडीतला, दोनदा हाक मारल्याशिवाय ओ न देणारा. हा थळच्या कोळ्याचा मुलगा. शेजारच्या खाटेवरून काडेपेटी मागायची तरी भर वाऱ्यात पलीकडच्या होडीला हाक घातल्यासारखा ओरडायचा. खिडकीत लोक टॉवेल वाळत घालतात, हा सुके बोंबील टांगायचा. पहिला महिना अख्खा मजला नाक धरून फिरला आणि दुसऱ्या महिन्यात तोच मजला ताटल्या घेऊन आमच्या दारात उभा!

पहिल्याच दिवशी मी ट्रंक ओढत जिना चढत होतो. याने न विचारता दुसरी कडी धरली, तिसऱ्या मजल्यावर ट्रंक आपटली आणि तिच्यासमोर मांडी ठोकून बसला.

"उघड."

"का म्हणून?"

"हात लावला न्हाय का मी? मंग माजा वाटा दे."

त्यांच्याकडे होडी वाळूवर ओढताना जो कुणी दोराला हात लावील त्याला त्या दिवसाच्या मासळीतला वाटा मिळतो. मग तो घरचा असो की वाटेने जाणारा. हा नियम साऱ्या जगात चालतो अशी याची अगदी प्रामाणिक समजूत. आईने महिनाभर पुरतील म्हणून दिलेल्या नारळाच्या वड्या त्याने तिथल्या तिथे निम्म्या केल्या.

दसरा तोंडावर आला तरी माझं काही तिथे रुळेना. एवढं अवाढव्य विद्यापीठ, वर्गात पावणेदोनशे डोकी, आणि माझं नाव कुणाला ठाऊक नाही. नागावात समुद्रावर जाईपर्यंत दहा जण "कुठं निघालास रे?" विचारायचे. इथे मी विहिरीत पडलो असतो तरी हजेरीच्या वेळीच कळलं असतं. एका सकाळी ट्रंक भरली. शिक्षण बास, वाडीला पाणी घालीन म्हटलं. वाटलं होतं, हा समजूत घालील, निदान चार शिव्या तरी देईल. कसचं काय! याने मुकाट्याने ट्रंक खांद्यावर घेतली आणि थेट भाऊच्या धक्क्यावर नेऊन ठेवली. आमच्याकडे जाणारी रेवसची लाँच सुटायला आली होती. मी ट्रंकेला हात घालतो तर हा तिच्यावरच बसला.

"वाटा दे."

"वड्या संपल्या रे बाबा!"

"वड्या कोन मागतंय? एक म्हैना दे. एक म्हैना ऱ्हा, मंग मीच आनून सोडतो."

लाँच गेली. मला राग आला होता, रडूही येत होतं, आणि खरं सांगायचं तर हायसं वाटत होतं.

त्याच महिन्यात आमच्या गणिताच्या सरांची मोटार फाटकाशी बंद पडली. सर म्हणजे साक्षात जमदग्नी. याने मला दंडाला धरून मोटारीमागे उभं केलं, येणाऱ्याजाणाऱ्या पाच-सहा जणांना हाका घातल्या, आणि आम्ही ती ढकलत सरांच्या घरापर्यंत नेली. सर "थँक्यू" म्हणून आत गेले. आम्ही निघालो तर हा पायरीवर ठाण मांडून! सर पुन्हा बाहेर आले.

"काय हवंय?"

"वाटा, सर."

धरणी पोटात घेईल तर बरं असं मला झालं. सर आत वळून म्हणाले, "अगं, चकल्या आहेत का?"

चकल्या खाता खाता मला त्या पाच-सहा जणांची नावं कळली आणि त्यांना माझं. पुढे मोटार दर शनिवारी बंद पडायला लागली. सर ती मुद्दाम पाडतात अशी वदंता होती. महिना कधी संपला ते मी विचारलं नाही, त्यानेही आठवण केली नाही.

दुसऱ्या वर्षी त्याच्या बापाचा हात दोरखंडात सापडला. होडीला माणूस हवा होता. त्याची ट्रंक धक्क्यावर मी नेली आणि तिच्यावर बसलो. म्हटलं, "एक महिना दे." त्याचा आवाज खाली गेलेला मी पहिल्यांदाच ऐकला.

"न्हाय जमायचा रे. तुजा वाटा थळला येऊन घे."

गेलो, पण प्राध्यापक होऊन पाच वर्षं लोटल्यावर. होड्या लागत होत्या. मी चपला काढल्या आणि काही न बोलता त्याच्या दोराला मागून हात लावला. त्याची बायको वाळूवर वाटे घालत होती. ओढणारे आम्ही सहा, वाटे सात.

"सातवा कुणाचा?" मी विचारलं.

"तो व्हय? यांच्या मुंबयच्या पार्टनरचा. रोज काडतात. तो काय येत न्हाय, मंग शेजारच्या म्हातारीला देतो."

तेवढ्यात त्याने मला पाहिलं, आणि सगळा किनारा वळून बघेल अशी हाक घातली. माझा ओढल्याचा आणि तो सातवा, दोन्ही वाटे त्याने माझ्या पिशवीत कोंबले. "एक म्हैना ऱ्हा," म्हणाला. मी म्हटलं, उद्या सकाळी तास आहेत रे.

संध्याकाळच्या लाँचमध्ये मासळीची पिशवी पायाशी घेऊन बसलो होतो. चुकलंच माझं. ट्रंक न्यायला हवी होती, म्हणजे तो तिच्यावर बसला असता.