नारळाच्या मापाचं हेल्मेट

त्या सकाळी बाबांनी मला एकदाच हाक मारली.

"मंदे!"

बस. पुढे काही नाही. आणि मी ओ दिलीच नाही.

तुम्ही म्हणाल, बापानं लेकीला हाक मारली, त्यात ओ न द्यायचं काय कारण? सांगते. माझीच फजिती सांगायला बसले आहे, तेव्हा काही लपवणार नाही. फक्त चहाचे घोट जरा बेतानं घ्या. ठसका लागला तर मला बोल लावायचा नाही!

आमच्या आत्यानं लहानपणी माझ्या कानात एक गोष्ट पक्की भरून ठेवली होती. कोणी दिसत नसताना हाक आली, तर पहिल्या हाकेला ओ द्यायची नाही. दुसरीलाही नाही. माणूस असेल तर तिसरी मारतोच. जे माणूस नसतं, त्याच्यापाशी हाका दोनच असतात.

मी आदिलाबादच्या कॉलेजात जाऊन बी.ए. झाले, पण आत्या काही कानातून निघाली नाही. कॉलेजात सर हजेरीला नाव एकदाच घ्यायचे, आणि मी शेवटच्या बाकावर, मुलींच्या डोक्यांआड. त्यांचा चेहरा दिसायचा नाही, नुसता आवाज यायचा. पहिलं वर्ष मी जवळजवळ गैरहजरच होते म्हणा ना!

बाबांचा या सगळ्यावर काडीचा विश्वास नव्हता. नेरडीगोंड्याला हमरस्त्यावर आमचं किराण्याचं दुकान. येणाऱ्या-जाणाऱ्या गिऱ्हाइकाला ते हौसेनं सांगायचे, "पाहा, बी.ए. झाली अन् भुताले भेते! अवं, माही जिंदगी गेली या रानातून मालाच्या बैलबंड्या आनन्यात. मले तं कोनी हाक नाही मारली." पण दुकानात मीठ तोलताना मी लवकर यावं, म्हणून त्यांनी स्वतःपुरती एक सोय केली होती. ते तिन्ही हाका एका दमातच मारायचे. "मंदेमंदेमंदे!" रस्त्यावरच्या लॉरीवाल्यांना वाटायचं, इथे काही लिलाव चालला आहे.

आणि त्या सकाळी एकच हाक. मी हातात फणी धरून बाकीच्या दोन हाकांची वाट बघत बसले. आल्याच नाहीत. बाहेर येऊन पाहिलं, तर दुकानाच्या फळ्या तशाच लागलेल्या, आणि बाबांच्या चपला जागेवर नाहीत.

तो माझ्या नोकरीचा पहिला दिवस होता.

नोकरी कसली, तर चिंचधरीच्या बालवाडीत ताईची. चिंचधरी रानापलीकडे. बस नाही, जीप नाही, जायचं ते सायकलनं. सागाच्या जंगलातून एक बंडीवाट जाते, दोन्ही बाजूंना चाकांच्या खोल चाकोऱ्या, मध्ये गवताचा उंचवटा, आणि निम्म्यावर एक नाला. नाल्याचा उतार असा की बैलसुद्धा तिथे थांबून विचार करतात.

मी घाबरट आहे, हे आमच्या गल्लीतलं कुत्रंही सांगेल. कुकरची शिटी झाली तरी मी दचकते. पण या नोकरीचा अर्ज मी कोणालाही न विचारता केला होता. असं माझ्या हातून आयुष्यात पहिल्यांदाच झालं होतं. आणि का कोण जाणे, ज्या वाटेची सगळ्यात जास्त भीती वाटत होती, तीच वाट हातची जाऊ नये असंही वाटत होतं. ही भीतीची गंमत मला अजून नीट उलगडलेली नाही.

बाबांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "जाय. पन एक खरचटा दिसला तं नोकरी बंद. मंग वणीचं स्थळ हाय तयार."

म्हणजे आता सगळं माझ्या कातडीवर आलं!

तेव्हा मला आठवलं ते हेल्मेट. कॉलेजच्या वाचनालयात एका मासिकात फोटो पाहिला होता. परदेशातली माणसं जंगलातल्या पायवाटेनं सायकली हाकत होती, आणि डोक्यावर हलक्याशा, फटी-फटींच्या टोप्या. बाबांना घेऊन आदिलाबादच्या सायकल दुकानात गेले आणि तशीच टोपी मागितली. दुकानदारानं माझ्याकडे, मग बाबांकडे, मग पुन्हा माझ्याकडे पाहिलं.

"सैकल का हेल्मेट? अम्मा, सैकल को घंटी रहती. हेल्मेट नहीं रहता."

मग जे मिळेल त्यातून निवडायचं ठरलं. तीन टोप घरी जमा झाले. पहिला मामाचा. मामा कोळशाच्या खाणीत कामाला, त्याचा जुना पिवळा टोप. दुसरं स्कूटरचं अर्धं हेल्मेट, कान-तोंड उघडं. आणि तिसरं मोटारसायकलचं, लालभडक, चारी बाजूंनी बंद, हनुवटीपुढे आडवी पट्टी आणि डोळ्यांवर काळी काच. शेजारच्या गॅरेजवाल्यानं दोन्ही हेल्मेटं 'पसंत पडेल ते ठेवा' म्हणून दिली होती.

आता निवडायचं कसं? बाबा दुकानदार माणूस. पारखल्याशिवाय ते गूळसुद्धा घेत नाहीत. त्यांनी दुकानातून एक नारळ आणला, माझं डोकं पाहिलं, नारळ पाहिला, तो ठेवून दुसरा मोठा आणला. "हे तुहं डोस्कं," म्हणाले, आणि एकेका टोपात नारळ घालून वरून टाकायला माळ्यावर चढले.

खाणीच्या टोपातला नारळ हवेतच बाहेर पडला आणि दारातून थेट शेजारच्या अंगणात. अर्ध्या हेल्मेटातला नारळ शेंडीकडून वाचला, पण पुढून तडकला. बाबा वरूनच म्हणाले, "नाक गेलं! वणीवाले काय म्हनतीन?" मग बंद हेल्मेट खाली आलं. धाडकन आवाज झाला, एक टप्पा घेतला, गडगडत चुलीपाशी गेलं. आत नारळ शाबूत! ओरखडासुद्धा नाही!

एवढंच झालं की तो नारळ बाहेर निघेना. आईनं साबणाचं पाणी ओतलं, बाबांनी गुडघ्यात धरून ओढला. निघता निघता त्याची शेंडी आत राहिली.

तुम्ही शहाणे आहात. तुम्हाला इथेच काहीतरी खटकलं असतं. मलाही खटकायला हवं होतं की नारळाला रस्ता बघायचा नसतो, कोणाचं ऐकायचं नसतं, कोणाला हाकही मारायची नसते. पण घाबरलेल्या माणसाला वाचवणाऱ्या वस्तूत खोट दिसत नाही. मी म्हटलं, "हेच!"

बाबांनी नोकरीच्या आदल्या दिवशी त्याचा पट्टा ओढून पाहिला. बक्कल ढिलं होतं. "घालशीन तवा वरून हे बांधजो," म्हणून त्यांनी सुतळी दिली आणि साखरेच्या पुड्याला मारतात ती गाठ शिकवली. जितकी ओढाल तितकी घट्ट होणारी.

तर त्या सकाळी, एकाच हाकेचा घोर घेऊन, मी निघाले. पंजाबी ड्रेस, ओढणी कमरेला गच्च, वेणी आत कोंबलेली, डोक्यावर लाल गोळा, हनुवटीखाली साखरेच्या पुड्याची गाठ. पाण्याच्या टाकीपाशी एक म्हातारी मला बघून पदर सावरून बाजूला उभी राहिली आणि तिनं हात जोडले. मी आतून म्हटलं, "मावशी, मी मंदा!" बाहेर काय पोचलं देव जाणे, कारण म्हातारीनं डोळेच मिटले.

जंगलात शिरले आणि दुसरी गोष्ट चुकल्यासारखी वाटली. सगळं गप्प! पाखरू नाही, पान नाही, माझ्या सायकलचा मडगार्ड एरवी खडखड वाजतो, तोही नाही. फक्त शेजारी कोणीतरी जोरजोरात श्वास घेत होतं. घूं... फूं... घूं... फूं... मला वाटलं, अस्वल! मी पायडल मारायचा वेग वाढवला. अस्वलानंही वाढवला. मी दम खायला थांबले, तर तेही हळूहळू शांत झालं. मग कळलं. ते अस्वल बी.ए. झालेलं होतं!

उन्हात काळ्या काचेतून जरा तरी दिसत होतं. सागाची सावली सुरू झाली तशी अमावास्याच आली. काच वर करू गेले, तर ती टप्पा खाल्ल्यापासून अडकलेली. तेवढ्यात वाट खाली निघाली. हाच तो उतार, हे मला कळलं, पण कळेपर्यंत पुढचं चाक चाकोरीत होतं. चाक एकीकडे वळलं, मी दुसरीकडे, आणि पुढच्या क्षणी मी नाल्याच्या कोरड्या वाळूत, घाणेरीच्या झुडपांमध्ये बसले होते, मांडीवर सायकल घेऊन.

डोकं? डोक्याला काय होतंय! डोकं कुठे टेकलंसुद्धा नाही. जे आपटलं, त्याचं हेल्मेट अजून कोणी काढलेलं नाही.

उठायला गेले, तर सलवारीचा पाय चेनमध्ये. चेन बघायला वाकले, तर हनुवटीची पट्टी आडवी. हेल्मेट काढायला गेले, तर साखरेच्या पुड्याची गाठ. ओढली. आणखी घट्ट झाली. तो नारळ आठवला, आणि त्याची आत राहिलेली शेंडीही.

हाक मारण्यावाचून गत्यंतर नव्हतं. पण हाक मारायची म्हणजे काय, याचा विचार करा. कोणी आलं, तर बातमी संध्याकाळपर्यंत दुकानात. चिंचधरीची माणसं मीठ-मिरचीला आमच्याकडेच येतात. नोकरी पहिल्याच दिवशी, बालवाडीचं दार न बघता संपली असती. आणि नाही मारली, तर पोरं दारात बसून बसून घरी जाणार, आणि बातमी तरीही दुकानात.

मारली. "कोणी आहे का?"

तो आवाज त्या गोळ्यात असा काही घुमला, की मीच दचकले. रिकाम्या रांजणात तोंड घालून बोलावं तसा. वर काही हललं नाही. धीर करून पुन्हा, "कोणी आहे का हो?"

आता मात्र वर, वळणाच्या पलीकडून, वाळलेली पानं करकरल्यासारखी वाटली. माझं घूं-फूं थांबलं होतं, म्हणून हेल्मेटातूनही ऐकू आली, अगदी हलकेच. आणि मग थांबली. जणू कोणी पाऊल उचललं आणि तसंच धरून ठेवलं.

माझी बोबडीच वळली. माणूस असतं तर ओ दिली नसती का? मी तोंड मिटलं, ते मिटलंच. खाली मी गप्प, वर ते गप्प. किती वेळ गेला, सांगता येणार नाही. सावली माझ्या सायकलीवरून सरकून पलीकडे गेली, एवढं दिसलं.

अशा वेळी माणूस काय काय विचार करतो! मला सकाळची ती एक हाक आठवली. बाबांनीच मारली होती, आता मला खात्री वाटू लागली. त्यांना काहीतरी म्हणायचं होतं. 'जाऊ नको' म्हणायचं होतं, का 'सांभाळून जा', कोणास ठाऊक. आणि मी फणी हातात धरून हिशेब करत बसले, की आणखी दोन आल्याशिवाय ओ द्यायची नाही. माझ्या बापाला त्या दिवशी एकाच हाकेचा धीर झाला होता, आणि तीही मी वाया घालवली.

डोळे भरून आले. हेल्मेटात डोळे पुसता येत नाहीत, हेही त्या दिवशी कळलं. आणि मग नोकरी, वणी, खरचटा, सगळं विसरून माझ्या तोंडून निघालं, जे पडल्यावर लहानपणी निघायचं तेच.

"बाबाऽऽऽ!"

वरची पानं एकदम धडाधड वाजली. वळणावरून चपलांचा आवाज, घसरणारी माती, आणि इतका वेळ दाबून धरलेला, मोकळा होता होता फाटलेला एक आवाज,

"ओऽऽ! ओ वं मंदे! इथंच हाव मी! तुले उतार साधते का नाही पाहाले कवाचा येऊन बसलो, अन् रांजणातून आल्यावानी दोन हाका आल्या अन् बंद! जीव मुठीत धरून तिसरीची वाट पाहून राह्यलो ना मी! बी.ए. झाली, अन् हाक माराले नाही शिकली? चाल, उठ, पोरं बसले असतीन तिकडं. अन् उद्यापासून ते अर्धं हेल्मेट घालजो, नाक गेलं तं गेलं!"