साखऱ्याचा हिरवा, नाक्याचा तांबडा

हिंगोलीच्या कचेरीसमोरील लिंबाखाली टेबल मांडून मी गेली अनेक वर्षे लोकांचे अर्ज लिहीत आलो आहे. माझे अर्ज मुंबईपर्यंत पोहोचले. मी मात्र टेबलापाशीच राहिलो. म्हणून त्या सकाळी शासकीय जीप माझ्यासमोर थांबली व आतील अधिकारी मॅडम "चला, तुमची योजना पाहू," असे म्हणाल्या, तेव्हा मी टोपी नीट केली आणि शेजारचे अर्जनवीस पाहत आहेत याची खात्री करूनच जीपमध्ये पाऊल ठेवले.

योजना वस्तुतः जवळा बाजारच्या कमलबाई राठोड यांची. तेथील तांड्यावर (बंजारा वस्तीवर) त्या आणि आणखी काही बाया मिळून फवारणी पंपाच्या बॅटऱ्या तयार करतात. शासनाचा नियम असा की, जो बॅटरी बनवून विकतो, त्याने ती निकामी झाल्यावर परत गोळाही करावी, आणि ते कसे करणार याची योजना मंजूर करून घ्यावी. त्या योजनेचा शब्दन् शब्द माझ्या लेखणीतून उतरलेला. मंजुरी नाही तर विक्री नाही. फवारणीचा हंगाम तोंडावर होता. आज नकार मिळाला तर कमलबाईंच्या शेडला कुलूप लागणार होते.

वाशीम रस्त्याने आम्ही कनेरगाव नाक्याला पोहोचलो. दोन्ही बाजूंना वीतभर सोयाबीन वाऱ्यावर डुलत होते. येथील ढाबा हे योजनेतील पहिले संकलन केंद्र. मालक गणपतराव हात जोडून पुढे आले.

"या मॅडम. जागा बघून जेवता का जेवून जागा बघता?"

जागा पाहिली. कोपरा शेणाने सारवलेला, वर रांगोळी, उदबत्ती. बॅटरी एकही नाही.

"बॅटऱ्या कुठे आहेत?" मॅडमनी विचारले.

"व्हत्या की! कालपर्यंत कोपरा भरला व्हता. तुमी येनार म्हनून हलवल्या. पाव्हन्याच्या म्होरं भंगार काहून (कशाला) ठिवावं? आज जवळ्याचा बाजार. गाडी जाऊन राहिली व्हती, तिच्यात भरून देल्या."

आमच्या भागात पाहुणा येणार म्हटले की अंगण सारवतात व अडगळ नजरेआड करतात. मी फोनवरून 'अधिकारी येत आहेत, जागा शोभेल अशी ठेवावी' एवढाच निरोप दिला होता. निरोपाची भाषा निर्दोष होती. तिचे पालन मात्र अपेक्षेहून अधिक झाले.

"भंगारवाल्याला विकल्या नाहीत कशावरून?"

"भाकरीची शपथ, मॅडम!"

"शपथ मला अहवालात लिहिता येत नाही."

त्यानंतर आलेली ज्वारीची भाकरी, बेसन (पिठले) आणि ठेचा उत्तम होता, असे नंतर मला ड्रायव्हरने सांगितले. माझे ताट तसेच पडून होते. मी कमलबाईंना फोन लावीत होतो. बाजाराचा दिवस, त्या उचलीत नव्हत्या.

सेनगावमार्गे साखऱ्याला गेलो. तेथे सीताराम आबांच्या गोठ्याशेजारी दुसरे केंद्र. तेही सारवलेले आणि तसेच मोकळे. आबा नारळ व गुलाबी फेटा घेऊन उभे होते.

"सायब कुठं हायती?"

"मीच," मॅडम म्हणाल्या.

आबांनी मॅडमकडे पाहिले, फेट्याकडे पाहिले. "मंग याचं काय करू?" असे म्हणून त्यांनी तो माझ्या डोक्यावर गुंडाळला. मी त्याचा नम्रपणे स्वीकार केला.

निघताना जीप सुरूच होईना. तिची बॅटरी उतरली होती. फेट्यासह मी आणि चार गावकऱ्यांनी धक्का दिला.

"ही बॅटरी कमलबाईंची न्हाई बरं का, मॅडम!" आबा मागून ओरडले. मॅडम प्रथमच हसल्या. पण पुढच्या वाटेवर त्यांनी अहवालाची वही उघडली. मग एवढेच म्हणाल्या, "जवळ्यालाही हेच दिसलं, तर मी नाही म्हणणार."

औंढा ओलांडून जवळा बाजार आले. बाजाराच्या गर्दीतून वाट काढीत तांड्यावर पोहोचलो, तर शेडच्या दारात कमरेवर हात ठेवून कमलबाई उभ्या.

"भाऊ! फेटा बांधून कुठं फिरून राहिले तुमी? सकाळपासून इकडं गाड्यावर गाड्या! आज सायब येनार, अन् समद्या गावांचा ढिगारा माझ्याच दारात?"

अंगणात कुटारावर (जनावरांच्या भुशावर) अंडी मांडावीत तशा बॅटऱ्या मांडल्या होत्या. मॅडम खाली बसल्या. एकेक उचलून त्यांनी पाहिली. फुटलेली, गळकी एकही नव्हती. प्रत्येकीवर रंगाचा पट्टा होता.

"हे काय?"

"गावाची खून (खूण), मॅडम. पोळ्याला बैलाची शिंगं रंगवतो ना, तसं. इकतानाच पट्टा वढते. साखऱ्याचा हिरवा, नाक्याचा तांबडा. कोन्या गावाचा माल फिरून आला ते बराबर समजते."

मॅडम माझ्याकडे वळल्या. "हे योजनेत का नाही?"

"जागेअभावी," मी म्हणालो.

"म्या सांगितलं व्हतं," कमलबाई म्हणाल्या. "भाऊ म्हनले, शासनाला रंग शोभत न्हाई."

मॅडमनी हिरव्या बॅटऱ्या एकीकडे, तांबड्या दुसरीकडे लावून घेतल्या. दोन्ही गावे त्या अंगणात पुरेपूर हजर झाली. मग त्या उठल्या. "मी योजना तपासायला निघाले, आणि ती माझ्या आधी इथे येऊन बसली. मंजूर. यापुढे सारवा खुशाल. पण बॅटऱ्या हलवायच्या त्या ठरल्या वेळीच. आणि हे पट्टे योजनेत लिहा."

शेडमधल्या बायांनी असा गलका केला की बाजारातली माणसे वळून पाहू लागली. कमलबाईंनी मॅडमची ओटी भरली आणि माझा फेटा सरळ केला.

संध्याकाळी लिंबाखाली परतलो. फेटा मी मुद्दाम उतरवला नव्हता. माझ्या टेबलापाशी एक गृहस्थ वाट पाहत बसले होते. त्यांच्या पाणंदीचा (शेतरस्त्याचा) अर्ज होता. प्रत्येक अर्जाच्या शेवटी मी 'कृपया प्रत्यक्ष पाहणी व्हावी' असे लिहितो. इतक्या वर्षांत हात ते आपोआप लिहीत असे. आज ते लिहिताना मी थांबलो, पेनमध्ये नवी कांडी घातली आणि ते वाक्य ठळक अक्षरांत लिहिले.

"अन् येतीन का हो कोनी पाहायला?" गृहस्थांनी विचारले.

"येतात," मी म्हणालो. "मी आजच बघून आलो."