लहान चकती

चेनच्या तेलाचा वास आला की मला पन्हाळ्याचा घाट आठवतो. बायकोच्या आणि माझ्या सायकलला पुढे पायडलपाशी दातेरी तीन-तीन चकत्या होत्या आणि चढावर चेन सारखी पडायची. म्हणून शिरोलीतल्या एका ओळखीच्या वर्कशॉपमधून मी स्वस्तात दोन चकत्या कापून आणल्या. एकाआड एक जाड-बारीक दाते, पुढे एकच चकती, चेन पडायचं नाव नाही. त्यातली एक लहान, एक मोठी. लहानीवर चढ हलका जातो. आदल्या रविवारी बायको मला मागे टाकून गेली होती, म्हणून काही न सांगता लहान मी घेतली आणि मोठी तिला बसवली. पाय न टेकता वर पोचायचं, एवढीच तिची इच्छा होती. चढ खडा झाला तशी ती सीटवरून उठली आणि हँडलवर वाकून एकेक पायडल रेटत राहिली. बदलायला दुसरी चकतीच नव्हती, पण ती थांबली नाही. पाय टेकला तो मी. वरच्या नाक्यावर पोचलो तेव्हा घामाघूम होऊन हसत तिनंच मला पाणी दिलं. "लई जड गेलं, पर पाय न्हाई टेकला की!" मी गटागटा पाणी प्यायलो. काल सायकली पुसताना लहान-मोठीचं सगळं सांगून टाकलं आणि लहान चकती काढून तिच्यापुढे धरली. तिनं ती परत माझ्याकडे सारली. "ऱ्हाऊ द्या. घाट चढलीया मी माझ्या मोठीवर. ही तुम्हालाच लागंल."